एलईडी पोशाखातील बॅटरी

नृत्य, नाटक, शोभायात्रा किंवा स्नेहसंमेलनासाठी कपड्यात बसवलेल्या एलईडी दिव्यांना अंगावरच्या अंगावर वीज पुरवणारा सेल किंवा सेलसंच. जपानी कलाकार आत्सुको तानाका यांनी १९५६ मध्ये रंगीत दिव्यांचा विद्युत पोशाख घातला, तेव्हा त्याला वीज बाहेरून वायरीने दिलेली होती. अशा पोशाखात मोकळेपणी नाचता येऊ लागले ते कमी वीज खाणाऱ्या एलईडीमुळे आणि १९९१ मध्ये बाजारात आलेल्या लिथियम-आयन सेलमुळे.

बॅटरी ठरवण्याआधी दिवे मोजावेत. सर्रास वापरल्या जाणाऱ्या डब्ल्यूएस२८१२बी जातीच्या एलईडी पट्टीला ५ व्होल्ट लागतात. तिच्या प्रत्येक दिव्यात लाल, हिरवा, निळा असे तीन घटक असतात आणि पूर्ण पांढऱ्या उजेडात एक दिवा सुमारे ६० मिलिअँपिअर ओढतो. म्हणजे १०० दिव्यांना ६ अँपिअर, ३० वॉट. अंधाऱ्या रंगमंचावर इतक्या उजेडाची गरजच नसते. दिवे चालवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये उजेडाला मर्यादा घातली आणि पांढऱ्याऐवजी रंग वापरले, तर तोच पोशाख एक-दीड अँपिअरमध्ये भागतो. मोठी बॅटरी अंगावर लादण्याआधी हा उपाय करून पाहायलाच हवा.

पॉवरबँकवरचा आकडा फसवा असतो. १०,००० मिलिअँपिअर-तास ही क्षमता आतल्या ३.७ व्होल्टच्या सेलची असते; ऊर्जा ३७ वॉट-तास. ५ व्होल्टला चढवताना काही ऊर्जा उष्णतेत जाते आणि हाती साधारण ६,००० ते ६,५०० मिलिअँपिअर-तास उरतात. १.२ अँपिअरच्या पोशाखाला ते सुमारे पाच तास पुरतात. काही पॉवरबँका मात्र फार कमी प्रवाह दिसला की आपोआप बंद होतात, त्यामुळे मोजक्या मंद दिव्यांसाठी त्या निरुपयोगी.

लहान मुलांच्या पोशाखाला बंद डबीतले, पुन्हा चार्ज होणारे निकेल-मेटल हायड्राइडचे पेन्सिल सेल सर्वांत चांगले. असे चार सेल मिळून ४.८ व्होल्ट देतात. चार नवे अल्कलाइन सेल लावले तर ६ व्होल्ट होतात आणि पट्टी खराब होऊ शकते. तिथे तीनच लावावेत. सीआर२०३२ हा बटण सेल एक-दोन दिव्यांपुरता ठीक आहे, पण तो पुन्हा चार्ज करायचा नसतो. मुलाने गिळल्यास दोन तासांतच अन्ननलिका भाजू शकते, म्हणून त्याची डबी स्क्रूने बंद होणारीच हवी.

लिथियम-पॉलिमरचा पाउच सेल हलका आणि चपटा असल्याने शिवणाऱ्यांना आवडतो. त्याचा विद्युतदाब भरलेला असताना ४.२ व्होल्ट आणि रिकामा होताना सुमारे ३ व्होल्ट असतो. पट्टी थेट त्यावर चालवली तर दाब उतरताना आधी निळा रंग मंदावतो आणि पांढरा पिवळसर दिसू लागतो. दाब चढवून स्थिर ठेवणाऱ्या बूस्ट मॉड्यूलने हे टळते. त्याहून गंभीर बाब अशी की, या पाउचला कठीण कवच नसते. सेफ्टी पिन टोचली, नर्तक त्यावर पडला किंवा वारंवार वाकला, तर आत शॉर्ट होऊन आग लागू शकते. म्हणून सेल कडक डबीत, कमरपट्ट्यावर, अस्तराच्या बाहेर आणि एका हिसक्यात काढता येईल असा ठेवावा. वायरीवर सेलजवळच फ्यूज असावा.

चार्जर लिथियम सेल आधी ठरावीक प्रवाहाने भरतो, मग दाब ४.२ व्होल्टवर धरून प्रवाह कमी करत नेतो. प्रवाह क्षमतेच्या निम्मा असणे सुरक्षित: १,००० मिलिअँपिअर-तासांच्या सेलला ५०० मिलिअँपिअर. बाजारात मिळणारे टीपी४०५६ हे चार्जिंगचे मॉड्यूल मात्र सहसा १ अँपिअरवर बसवलेले येते. ४०० मिलिअँपिअर-तासांच्या पाउचला ते तसेच जोडणे धोक्याचे, त्यावरचा १.२ किलो-ओहमचा रोधक बदलून ५ किलो-ओहमचा लावल्यास प्रवाह सुमारे २४० मिलिअँपिअरवर येतो. चार्जिंग चालू असताना दिवे बंद ठेवावेत, नाहीतर सेल भरल्याचे चार्जरला नीट कळत नाही. प्रयोगानंतर गरम झालेला सेल निवू द्यावा, अंगावरून काढून फरशीवर, डोळ्यांसमोर चार्ज करावा. कपड्यांच्या ढिगात रात्रभर लावून ठेवण्याची सवय घातक आहे.

हंगाम संपल्यावर सेल अर्धवट भरलेला, ३.८ व्होल्टच्या आसपास ठेवतात. फुगलेला सेल न टोचता, न चार्ज करता ई-कचरा केंद्रात द्यावा. भारतात विकत घेताना आयएस १६०४६ या बॅटरी-सुरक्षेच्या भारतीय मानकाची नोंदणी पाहावी. दौऱ्यावर विमानाने जाणाऱ्या पथकांनी सुटे सेल आणि पॉवरबँका टोके झाकून केबिनच्या सामानातच न्याव्यात. प्रत्येकी १०० वॉट-तासांपर्यंतच्या बॅटऱ्यांना सहसा वेगळी परवानगी लागत नाही.