कडेची माणसं पुसट का येतात?

सांगली-मिरजेतल्या जुन्या शाळांच्या ऑफिसात दहावीच्या बॅचचे ग्रुप फोटो लावलेले दिसतात. मधल्या खुर्चीवरच्या मुख्याध्यापकांच्या कोटाची बटणं मोजता येतात, पण टोकाला उभ्या पोराचा चेहरा नीट ओळखू येत नाही. दोष कॅमेऱ्याचाही असू शकतो. पण तीच निगेटिव्ह भिंगाखाली धरल्यावर चेहरा स्वच्छ दिसला, तर गडबड डार्करूममधली, एन्लार्जरची, म्हणजे निगेटिव्हवरून मोठी प्रिंट काढणाऱ्या यंत्राची.

एन्लार्जरमध्ये वर दिवा, त्याखाली निगेटिव्ह, मग लेन्स आणि तळाशी कागद. ३५ मिमी फिल्मची चौकट २४ × ३६ मिमी असते. ती ८ पट मोठी केली की जवळजवळ ८ × १२ इंची प्रिंट होते. लांबी-रुंदी ८ पट वाढते, पण उंचीच्या दिशेला हिशेब वर्गाचा असतो: ८ × ८, म्हणजे ६४. निगेटिव्ह मधोमध ०.१ मिमी फुगली, तर त्या भागाची तीक्ष्ण प्रतिमा कागदापासून साधारण ६ मिमी सरकते; मग फोकस मधल्या भागावर जुळवला की कडा पुसट होतात. फिल्मची स्वतःची जाडीच ०.१३ मिमीच्या आसपास असते! उलट कागद १ मिमी उचलला गेला, तरी तो निगेटिव्ह एका मिलिमीटरच्या चौसष्टाव्या भागाने हलवल्याइतकाच. ग्रेन फोकसरखाली (फोकस तपासायच्या छोट्या भिंगाखाली) कागदाच्या जाडीचा फरक पडू नये म्हणून कागदाचा तुकडा ठेवायची पद्धत आहे. जरूर ठेवा, पण कडा पुसट येण्याचं कारण तिथं सापडायचं नाही.

ते सापडतं वर, निगेटिव्हपाशी. फिल्मच्या एका अंगाला जिलेटिनचा थर, दुसऱ्या अंगाला नुसतं प्लास्टिक. दिव्याच्या उष्णतेनं जिलेटिन सुकून आकसतं आणि फिल्म वाकते. सांगलीच्या एप्रिलमध्ये तर ती दिवा लावण्याआधीच वळलेली असते. पुराच्या पाण्यात भिजून वाळलेल्या निगेटिव्हची गोष्टच वेगळी; त्या काचेशिवाय सपाट बसणं कठीण. परीक्षा सोपी आहे: दिवा लावल्या लावल्या फोकस करा, दोन-तीन मिनिटं थांबा, पुन्हा बघा. फिल्मचा बारीक दाणा आधी स्पष्ट होता आणि आता विरघळला असेल तर फिल्म उष्णतेनं हलली.

उपाय म्हणजे काचेचा निगेटिव्ह कॅरियर, म्हणजे निगेटिव्ह दोन काचांमध्ये सपाट दाबून धरणारी चौकट. त्यात धुळीचा त्रास आलाच, शिवाय पावसाळी दमट हवेत फिल्मची गुळगुळीत पाठ काचेला चिकटून न्यूटनची वलयं, म्हणजे प्रकाशाची गोल कडी, उमटतात. म्हणून वरची काच किंचित खरखरीत केलेली, अँटी-न्यूटन घ्यावी. खालच्या बाजूला जिलेटिनचा थर मुळातच चकचकीत नसतो, तिथं साधी काच चालते.

चारही कोपरे न बिघडता एकच बाजू पुसट येत असेल, तर फिल्मला दोष देऊ नका. तिथं निगेटिव्ह, लेन्स आणि बेसबोर्ड (कागद ठेवायची तळाची फळी) ही तीन प्रतलं समांतर नाहीत. गवंडी वापरतात तसली छोटी लेव्हल तिन्ही जागी ठेवून पाहिली तरी बरंच कळतं. सगळाच फोटो पुसट असेल, तर आधी फोकस आणि खांबाची थरथर तपासावी.

उरली लेन्स. साध्या भिंगाची प्रतिमा सपाट पडत नाही, वाटीसारखी वाकते. व्हिएन्नातले गणिताचे प्राध्यापक योझेफ पेट्झवाल यांची १८४० ची प्रसिद्ध पोर्ट्रेट लेन्स मधोमध लख्ख आणि कडांना विरघळलेली असे. चेहऱ्याच्या फोटोला ते शोभतं, एन्लार्जरला नाही. म्हणून एन्लार्जिंगच्या चांगल्या लेन्सा सहा भिंगांच्या असतात, आणि त्याही पूर्ण उघड्या ठेवायच्या नसतात. एफचा आकडा जितका मोठा, तितकं लेन्सचं छिद्र लहान; एफ/२.८ ची लेन्स एफ/५.६ किंवा एफ/८ वर आणली की कडा सुधारतात, फिल्मचा थोडा बाकही झाकला जातो. हाच न्याय पुढे ताणून एफ/१६ वर जाऊ नये. ८ पट प्रिंटवर विवर्तनामुळे (लहान छिद्रातून जाताना प्रकाश पसरतो त्यामुळे) प्रत्येक बिंदूचा ठिपका एफ/८ ला ०.१ मिमी होतो, जवळून पाहणाऱ्या डोळ्याला जेमतेम जाणवेल इतका. एफ/१६ ला तो ०.२ मिमी होतो, तोही मध्यापासून कडेपर्यंत सगळीकडे.

आणखी एक युक्ती आहे: ३५ मिमी फिल्मला ५० ऐवजी ८० मिमीची लेन्स लावायची. मग तिच्या प्रतिमेचा फक्त मधला, चांगला भाग वापरला जातो. मात्र ८ पट प्रिंटसाठी निगेटिव्ह ते कागद हे अंतर ५० सेंटिमीटरवरून सुमारे ८० वर जातं, आणि छोट्या एन्लार्जरचा खांब तिथं पुरत नाही.