दोन पिवळ्या रेषा: हेलियमची आणि सोडियमची

दर वर्षी १८ ऑगस्ट आला की ‘विजयदुर्गावर हेलियमचा शोध लागला’ हा मजकूर फिरू लागतो. १८६८ साली त्या दिवशी खग्रास सूर्यग्रहण झालं, हे खरं. पण या शोधासाठी ज्यांचं नाव घेतलं जातं ते ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकियर तेव्हा इंग्लंडमध्ये होते. सौरज्वाळांचा वर्णपट, म्हणजे त्यांच्या प्रकाशातले सुटे केलेले रंग, टिपणारे फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सन होते गुंटूरला. लॉकियर यांनी तो वर्णपट इंग्लंडमधूनच, ग्रहण नसताना, २० ऑक्टोबरला पाहिला. विजयदुर्गला ते आले १८९८च्या जानेवारीतल्या ग्रहणासाठी. तोपर्यंत रसायनशास्त्रज्ञ रॅम्झी यांनी पृथ्वीवरचा हेलियम प्रयोगशाळेत पकडून तीन वर्षं होत आली होती. विजयदुर्गाचा हा खरा इतिहासही अभिमानाचाच आहे, त्याला चुकीच्या तारखेचा टेकू कशाला?

बरं, ग्रहणात दारं-खिडक्या लावून बसा म्हणणारे आजही आहेत. हेलियमची खूण सापडली ती ग्रहणाकडे वर्णपटदर्शक रोखणाऱ्यांमुळे, हे त्यांना आवर्जून सांगायला हवं.

आता त्या खुणेकडे वळू. सूर्याच्या वर्णपटात एक पिवळी रेषा दिसली, ५८७.६ नॅनोमीटर तरंगलांबीची. सोडियमच्या प्रसिद्ध पिवळ्या रेषांची जोडी ५८९.० आणि ५८९.६ वर असते. इतका थोडा फरक, की ‘हा सोडियमच’ असं वाटणं अगदी साहजिक होतं, पण ती रेषा होती हेलियमची. गॅसच्या निळ्या ज्योतीवर चिमूटभर मीठ टाकलं की ज्योत भगभगीत पिवळी होते ना, तोच सोडियमचा पिवळा.

रंग जवळजवळ एकच, पण गुण केवढे वेगळे! सोडियमचा तुकडा पाण्यात टाकला तर तडतडत इकडून तिकडे धावतो, पेटतोसुद्धा. हेलियम मात्र कशाशीच संयोग पावायला तयार नसतो. असं का?

अणूतल्या इलेक्ट्रॉनच्या ऊर्जापातळ्या म्हणजे जिन्याच्या पायऱ्या समजा. दोन पायऱ्यांच्या मध्ये उभं राहता येत नाही. वरच्या पायरीवरून खाली येताना इलेक्ट्रॉन जितकी ऊर्जा गमावतो, तितक्या ऊर्जेचा प्रकाश बाहेर पडतो. पिवळ्या प्रकाशासाठी साधारण २.१ इलेक्ट्रॉन व्होल्ट (हे अणूंच्या जगातलं ऊर्जेचं एकक) लागतात. सोडियमच्या सर्वांत बाहेरच्या इलेक्ट्रॉनची पहिलीच पायरी एवढ्या उंचीची आहे. आतले दहा इलेक्ट्रॉन केंद्रकाचा धनभार झाकून टाकतात, त्यामुळे अकराव्यावरची पकड सैल असते. ज्योतीची उष्णता त्याला एक पायरी चढवायला पुरते, आणि तो उतरला की पिवळा प्रकाश. ५.१ इलेक्ट्रॉन व्होल्ट दिले तर तो अणू सोडूनच जातो.

हेलियममध्ये दोनच इलेक्ट्रॉन, दोघेही सर्वांत आतल्या कवचात. मध्ये झाकायला कोणी नाही, आणि या कवचात तिसऱ्याला जागा नाही. इथे पहिली पायरीच जवळजवळ २० इलेक्ट्रॉन व्होल्ट उंच! त्यावरच्या पायऱ्या मात्र दाटीवाटीने आहेत. ती पिवळी रेषा उमटते २३.१ च्या पातळीवरून २१.० च्या पातळीवर उतरताना. फरक तोच, २.१. म्हणजे सोडियमचा पिवळा प्रकाश तळाशी येताना निघतो आणि हेलियमचा पार वरच्या मजल्यावर. म्हणूनच गॅसच्या ज्योतीत हेलियम सोडला तर रंग येत नाही. तिथवर चढवायला विजेचा झोत लागतो. सूर्याच्या बाहेरच्या थरांत हे काम तीव्र अतिनील किरण करतात. ते इलेक्ट्रॉन उखडून काढतात आणि तो परत येताना एकेक पातळी उतरतो.

शाळेत आपण लिहितो, ‘सोडियमला इलेक्ट्रॉन द्यायचा असतो, क्लोरीनला घ्यायचा असतो, कारण अष्टक (बाहेरच्या कवचात आठ इलेक्ट्रॉन) पूर्ण करायचं असतं.’ हे मला फार खटकतं. अणूला इच्छा नसते, तिथे फक्त ऊर्जेचा जमाखर्च असतो. सोडियमचा इलेक्ट्रॉन काढायला ५.१ खर्च, क्लोरीनने तो घेतल्यावर ३.६ जमा, म्हणजे तूट दीडची. पण आता दोन्ही आयन (एक धनभारित, एक ऋणभारित अणू) एकमेकांना ओढतात, जवळ येतात आणि त्या आकर्षणातून तूट भरून वर ऊर्जा उरते. मीठ तयार! सोडियमचा दुसरा इलेक्ट्रॉन काढायचा म्हटलं तर ४७ इलेक्ट्रॉन व्होल्ट लागतील, म्हणून सोडियम एकावरच थांबतो. हेलियमचा पहिलाच इलेक्ट्रॉन २४.६ चा. क्लोरीनचे ३.६ वजा केले तरी २१ ची तूट राहते, आणि कुठल्याही आकर्षणातून ती भरून निघत नाही.

आणि तरीही या दोन पिवळ्या मूलद्रव्यांचं एक संयुग आहे. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दोन सोडियम आणि एक हेलियम अशा प्रमाणाचा स्फटिक दाखवला गेला. तो स्थिर राहायला वातावरणाच्या सुमारे ११ लाख पट दाब लागतो. त्यातही हेलियम स्वतःचा इलेक्ट्रॉन देत नाही की दुसऱ्याचा घेत नाही. तो नुसता जागा अडवतो, आणि सोडियमचे इलेक्ट्रॉन जोडीजोडीने स्फटिकातल्या रिकाम्या पोकळ्यांत जाऊन बसतात.