एकेरीवर कोण येतं?

सोसायटीच्या ग्रुपवर टँकरच्या खर्चाचा विषय निघतो. तासाभरात गाडी पार्किंगवर जाते, तिथून भटक्या कुत्र्यांवर, मग कुणाच्या तरी थकलेल्या मेंटेनन्सवर. रात्री साडेअकराला दोन शिकलेसवरलेले गृहस्थ एकमेकांना अरे-तुरे करत असतात. दुसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये निदान ठरतं: ‘त्यांचा स्वभावच तसा.’ हे निदान सोयीचं आहे, कारण त्यातून बाकीचे सगळे सुटतात.

स्टॅनफर्ड आणि कॉर्नेल विद्यापीठांतल्या संशोधकांनी २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात नेमकं हेच तपासलं. ६६७ जणांना आधी एक छोटी चाचणी दिली. काहींना सोपी, काहींना अवघड, आणि वर ‘तुम्ही सरासरीपेक्षा खाली आहात’ असा शेराही. मग सगळ्यांना एकच राजकीय लेख वाचून प्रतिक्रिया लिहायला सांगितली. लेखाखाली तीन प्रतिक्रिया आधीच होत्या. काहींना त्या साध्यासरळ दिसल्या, काहींना काडी टाकणाऱ्या. मूड ठीक आणि आधीच्या प्रतिक्रियाही सभ्य असताना ३५ टक्के लोकांनी खोडसाळ काहीतरी लिहिलं. दोन्हींपैकी एक गोष्ट बिघडली की हे प्रमाण निम्म्याच्या आसपास गेलं. दोन्ही बिघडल्यावर ६८ टक्के. माणसं सगळीकडे तशीच होती. कोणाच्या वाट्याला काय आलं, ते चिठ्ठी टाकावी तसं ठरवलं होतं.

याच अभ्यासात सीएनएनच्या संकेतस्थळावरच्या दीड कोटीहून अधिक प्रतिक्रियाही तपासल्या गेल्या. खोडसाळपणा रात्री उशिरा वाढतो, आठवड्याच्या सुरुवातीला वाढतो. एका चर्चेत चिखलफेक करून आलेला माणूस पुढच्या, काही संबंध नसलेल्या चर्चेतही तोच सूर लावण्याची शक्यता जास्त असते. म्हणजे साडेअकराचं ते भांडण टँकरच्या बिलाइतकंच घड्याळाचंही होतं.

त्यात लिखाणाची स्वतःची एक अडचण. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात लोकांनी काही वाक्यं गंभीरपणे आणि काही उपरोधाने लिहून ईमेलने पाठवली. आपला सूर वाचणाऱ्याला ७८ टक्के वेळा कळेल, असा त्यांचा अंदाज होता. प्रत्यक्षात कळला ५६ टक्के वेळा. नाणं उडवलं असतं तरी ५० टक्के जमलं असतं. गंमत म्हणजे वाचणाऱ्यांनाही आपण बरोबरच ओळखलं याची खात्री होती. समोर चेहरा असता तर गैरसमज तिथल्या तिथे मिटला असता. हैफा विद्यापीठातल्या २०१२ च्या अभ्यासात नाव लपवण्यापेक्षा नजरेला नजर न मिळणं हेच कडवटपणाचं मोठं कारण ठरलं.

म्हणूनच ‘खरं नाव सक्तीचं करा, सगळे सरळ होतील’ या उपायावर माझा फारसा विश्वास नाही. दक्षिण कोरियाने तो २००७ पासून करून पाहिला. मोठ्या संकेतस्थळांवर लिहिण्याआधी ओळख पटवणं बंधनकारक केलं. २०११ मध्ये तिथल्या एका मोठ्या सेवेतून साडेतीन कोटी लोकांची माहिती चोरीला गेली, आणि २०१२ मध्ये तिथल्या घटनात्मक न्यायालयाने तो कायदाच रद्द केला. तसं पाहिलं तर आपल्या सोसायटीच्या ग्रुपवरही सगळे नावानिशी, फ्लॅट नंबरासकट असतात.

मग उपयोग कशाचा होतो? मला सर्वांत मोलाचा वाटतो तो रेडिट या चर्चांच्या संकेतस्थळावरच्या विज्ञानाच्या गटातला प्रयोग. नेथन मटायस या संशोधकाने २०१६ मध्ये तो केला आणि २०१९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. गट अवाढव्य होता: एक कोटीहून जास्त सदस्य आणि हजाराहून अधिक स्वयंसेवक नियंत्रक. नियम होतेच, पण कोपऱ्यात. नवा माणूस ते वाचत नसे, विनोद टाकायचा, तो काढला जायचा, मग चिडायचा. प्रयोगात काही चर्चांच्या अगदी माथ्यावर नियमांची छोटी सूचना लावली, काहींवर नाही. कुठे लावायची ते नशिबावर सोडलं. सूचना असलेल्या चर्चांमध्ये नवख्यांनी नियम पाळण्याचं प्रमाण ८ टक्के-बिंदूंनी वाढलं. शिस्त लावली की लोक बुजतील, ही भीती मात्र उलटी पडली: पहिल्यांदाच लिहिणाऱ्यांचा सहभाग सरासरी ७० टक्क्यांनी वाढला. इथे काय चालतं आणि काय नाही, हे आधीच कळलं की सभ्य माणसालाही तोंड उघडायचा धीर येतो, असा मी त्याचा अर्थ लावतो.

सूचनेने भागत नाही तिथे कारवाई लागतेच. रेडिटने २०१५ मध्ये द्वेष पसरवणारे दोन मोठे गट बंद केले. घाण दुसरीकडे सांडेल असं अनेकांना वाटलं होतं. नंतरच्या अभ्यासात दिसलं की त्यांतली बरीच खाती थंडावली, आणि जी उरली त्यांच्या लिखाणातले द्वेषाचे शब्द किमान ८० टक्क्यांनी घटले. पण एकदम कुऱ्हाड चालवणं हा शेवटचा उपाय. सामायिक कुरणं, पाटाचं पाणी, मासेमारी लोक मिळून कशी सांभाळतात याचा अभ्यास करणाऱ्या, २००९ च्या अर्थशास्त्राच्या नोबेलच्या मानकरी एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना टिकाऊ व्यवस्थांमध्ये दंड पायरीपायरीने वाढताना दिसला होता.

व्हॉट्सअॅपच्या अॅडमिनकडे पायऱ्या फारशा नाहीत. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये स्पष्ट केलं की सदस्याच्या आक्षेपार्ह संदेशासाठी, अॅडमिनचा त्यात काही हात नसेल तर, त्याला जबाबदार धरता येणार नाही; ग्रुपमध्ये घेणं आणि काढणं एवढाच त्याचा मर्यादित अधिकार, असं न्यायालयाने तेव्हा म्हटलं. विषयाला फाटे फुटतात तेही बरंचसं रचनेमुळे. सगळं एकाच धारेत वाहतं, शेवटचा मेसेज तोच चालू विषय होतो, आणि मूळ प्रश्न वर कुठे तरी गडप होतो.

वाईट मजकूर आपोआप ओळखणाऱ्या यंत्रांवर भिस्त ठेवावी तर मराठीपुरतं काम आत्ता कुठे उभं राहतंय. पुण्याच्या एल-थ्री-क्यूब या संशोधक गटाने २०२२ मध्ये पंचवीस हजारांवर मराठी ट्वीट द्वेषपूर्ण, अपमानकारक, शिवराळ आणि यांपैकी काहीच नसलेले अशा चार कप्प्यांत वर्गीकृत करून खुले केले. शिवी त्यातून शिकलेलं यंत्र बऱ्यापैकी पकडेल. ‘आपण थोर आहात, आम्ही पामर काय बोलणार!’ यात मात्र एकही वाईट शब्द नाही, आणि त्यावरून आपल्याकडे लोक वर्षानुवर्षं बोलणं सोडतात. असलं वाक्य शेवटी कुणातरी माणसालाच, बहुधा फुकट काम करणाऱ्या, आधीची पन्नास वाक्यं वाचून तपासावं लागतं.