कॉफीचा कौटुंबिक मळा (कोडगू व चिकमगळूर)

कर्नाटकातील कोडगू, चिकमगळूर आणि हासन या जिल्ह्यांत, सह्याद्रीच्या उतारांवर घराण्यांकडून पिढ्यानपिढ्या चालवली जाणारी बागायत. ‘इस्टेट’ म्हटले की मुंबईकराला बंगला आणि त्यातला साहेब आठवतो. प्रत्यक्षात देशातील बहुतेक कॉफीमळे १० हेक्टरांहून लहान आहेत. भारताची सुमारे ७० टक्के कॉफी एकट्या कर्नाटकात पिकते. सूफी संत बाबा बुदन यांनी सतराव्या शतकात येमेनमधून सात बिया आणून चिकमगळूरजवळच्या डोंगरावर लावल्या, अशी परंपरागत कथा आहे.

मळा लांबून जंगलच वाटतो. वर सिल्व्हर ओक आणि पांगारा, त्यांच्या खोडांवर मिरीचे वेल, खाली कॉफी. कॉफीच्या मुख्य जाती दोन: अरेबिका साधारण १,००० मीटरच्या वर चांगली येते, रोबस्टा त्याखाली. कॉफीचा भाव कोसळतो त्या वर्षी मिरीवर घर चालते, त्यामुळे तिला जोडपीक म्हणणे थोडे अन्यायाचेच. सावली विरळ केली, तर अरेबिकावर खोडकिडा चढतो. फार दाट ठेवली, तर फळ कमी धरते. फांद्या किती छाटायच्या, याचे कसब अनुभवातूनच येते.

वर्षाचा सारा हिशेब मात्र फेब्रुवारी ते एप्रिलमधल्या वळवाच्या एका सरीवर असतो. ती पडली की आठ-दहा दिवसांत सगळा उतार पांढरा होतो आणि मोगऱ्यासारखा वास सुटतो. फुले तीन-चार दिवसच टिकतात. नेमकी उमलल्या दिवशी पुन्हा सर आली, तर परागीभवन बिघडते. पाण्याची सोय असलेले रोबस्टावाले पावसाची वाट न पाहता तुषारसिंचन करतात. अरेबिकाची तोडणी नोव्हेंबरपासून, रोबस्टाची त्यानंतर. लाल फळे पल्परमधून (साल काढायच्या यंत्रातून) सोलून धुऊन वाळवली, तर ‘पार्चमेंट’. सालासकट वाळवली, तर ‘चेरी’. चेरी वाळली का, हे पाहायला मूठभर फळे कानाशी धरून हलवतात. आत बी खुळखुळले, तर पोती भरायची.

१९४२ मध्ये कॉफी बोर्ड वैधानिक मंडळ झाले आणि त्यानंतर मळेवाल्यांचा माल सक्तीने बोर्डाच्या सामाईक साठ्यात जाऊ लागला. तिथे प्रतवारी व्हायची, पण मळ्याचे नाव मात्र हरवायचे. १९९० च्या दशकात ही सक्ती टप्प्याटप्प्याने उठली. आता पाकिटावर मळ्याचे नाव झळकते. २०१९ मध्ये कोडगू आणि चिकमगळूरच्या अरेबिकाला भौगोलिक मानांकनही मिळाले.

मुंबईत फिल्टर कॉफी म्हटले की माटुंगाच. किंग्ज सर्कलच्या आसपास, तमिळ आणि उडुपी वस्तीत ती घराघरांत रुजली. अशा ठिकाणी दळणारा दुकानदार मळ्याचे नाव विचारत नाही. ‘प्लान्टेशन किती, पीबेरी किती, चिकोरी घालू का?’ एवढेच विचारतो. ‘प्लान्टेशन’ म्हणजे धुतलेली अरेबिका. कॉफीच्या फळात एरवी दोन चपट्या बिया असतात. काही फळांत एकच गोल बी धरते, ती पीबेरी. चिकोरी हे भाजलेले मूळ, कॉफीशी त्याचे नाते नाही, आणि त्याची लागवड गुजरातेत होते, म्हणजे मुंबईला कोडगूपेक्षा जवळ. कायद्याने अशा मिश्रणात कॉफी किमान ५१ टक्के हवी. पाकिटावर दोन्हींचे प्रमाण छापलेले असते.