रिफॉर्म की साइसेइ? बर्फाळ जपानमधलं कोमिंका घेताना

निइगाता प्रांतातल्या तोकामाचीच्या डोंगरगावांत हिवाळ्यात दोन-तीन मीटर बर्फ साचतो. तिथली दुरुस्त केलेली जुनी शेतकरी घरं, म्हणजे कोमिंका, विकायला निघतात तेव्हा जाहिरातीत ‘रिफॉर्म’ किंवा ‘साइसेइ’ असं लिहिलेलं असतं. फोटोत दोन्हीकडे काळ्याभोर तुळया, पांढऱ्या भिंती, नवं स्वयंपाकघर. कामात मात्र जमीन-अस्मानाचा फरक.

रिफॉर्म म्हणजे बहुतेकदा डागडुजी: न्हाणीघर, लाकडी जमीन, भिंतींचा कागद. साइसेइमध्ये घर सांगाड्यापर्यंत उघडतात, जॅकवर उचलतात, खांबाचा कुजलेला पाय कापून तिथे नवं लाकूड सांध्याने बसवतात (याला नेत्सुगी म्हणतात), खाली काँक्रीट ओततात आणि मग इन्सुलेशन घालतात. दोन्ही शब्दांना कायद्याची व्याख्या नाही, म्हणून शब्दावर न जाता फरशीखाली बघा.

या घरांचे खांब मुळात दगडांवर नुसते टेकवलेले असतात. खालून वारा खेळायचा, आतल्या इरोरी चुलीचा धूर लाकूड नि गवताचं छप्पर कोरडं ठेवायचा. आता चूल विझलेली, छपरावर पत्रा. त्यात ओल्या मातीवर प्लायवूड ठोकून खालची हवा कोंडली, की वाळवीचं आयतंच फावतं. न्हाणीघराजवळचे आणि उत्तरेकडचे खांब आधी जातात. तातामी (जमिनीवरच्या जाड गवती चटया) उचलायला लावा, टॉर्च घेऊन खाली उतरा, खांबाच्या पायात स्क्रूड्रायव्हर टोचा. सहज रुतला तर लाकूड गेलेलं आहे. मग ओळंबा लावा: 3 मीटर उंचीत 18 मिलिमीटर किंवा त्याहून जास्त कल असेल, तर दोष सांगाड्यातच असण्याची शक्यता मोठी.

खरी परीक्षा छपराची. बहुबर्फी भागात साधारणपणे 1 सेंटिमीटर बर्फामागे दर चौरस मीटरला 3 किलो भार धरतात. 2 मीटर बर्फ म्हणजे चौरस मीटरला 600 किलो! जिथे बर्फ उपसायची रीत आहे, तिथे नियम हा हिशेब 1 मीटरपर्यंत खाली आणू देतो, मात्र तशी पाटी दाराशी लावावी लागते. ती पाटी नीट वाचा. हिवाळ्यात घर बंद ठेवणार असाल, तर बर्फ उतरवणारा माणूस आधी ठरवा. नाहीतर हिशेबात न धरलेलं वजन तुळयांवर येईल. छपरावरचा बर्फ खालच्या ढिगाला चिकटला, तर ढीग खचताना वळचण ओढून मोडतो.

कागदांचंही बघा. जून 1981 च्या भूकंप-निकषांआधीचीच ही घरं. एप्रिल 2025 पासून दुमजली लाकडी घराच्या मोठ्या दुरुस्तीला सरकारी मंजुरी लागते. त्याआधी बऱ्याच घरांना लागत नव्हती. म्हणून जुन्या कामाचे मंजुरीचे कागद नसतील, तर भार-भूकंपाचा हिशेब आणि टप्प्याटप्प्याचे फोटो मागा: उघडा सांगाडा, नेत्सुगीचे सांधे, इन्सुलेशन. साइसेइ केलेल्याकडे ते बहुधा असतात. फक्त ‘आधी’ आणि ‘नंतर’चे फोटो दाखवले, तर किंमत रिफॉर्मचीच द्या.

आणि घर पाहायला मे महिन्यात नको, फेब्रुवारीत जा.