लांडगा : कुटुंब आणि जीवनक्रम

लांडगा हा सस्तन प्राण्यांच्या मांसाहारी गणातील, श्वानकुलातील सर्वांत मोठा वन्य प्राणी असून त्याचे ‘कॅनिस ल्यूपस’ हे शास्त्रीय नाव लिनीअस यांनी १७५८ मध्ये दिले. पाळीव कुत्रा त्याच्याच पूर्वजांपासून उत्पन्न झाला. उत्तर गोलार्धात बर्फाळ टंड्रापासून रखरखीत माळरानापर्यंत लांडगा आढळतो. उष्ण प्रदेशातील लांडग्याचे वजन २० किग्रॅ.च्या आसपास असते, तर अलास्का व कॅनडातील नर ४५ किग्रॅ.हूनही भारी असू शकतो. लांब पाय आणि अरुंद छाती यांमुळे तो ताशी सुमारे ८ किमी. वेगाने तासन्‌तास दुडक्या चालीने जाऊ शकतो. एकूण ४२ दातांपैकी सुळे भक्ष्य धरून ठेवतात, कात्रीसारख्या दाढा मांस कापतात आणि मागच्या दाढा हाडे फोडतात.

लांडग्यांचा कळप म्हणजे बहुधा एक कुटुंब असते : आई, बाप आणि त्यांची एक-दोन वर्षांतली पिल्ले. ही साधी गोष्ट दीर्घकाळ झाकली गेली, कारण प्राणिवर्तनाचे अभ्यासक रूडॉल्फ शेंकेल यांनी १९४७ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास बंदिवासातल्या लांडग्यांचा होता. एका आवारात कोंडलेल्या प्रौढ प्राण्यांमध्ये मानपानासाठी झुंजी होणे स्वाभाविक होते, पण त्यावरून झुंजून वर येणाऱ्या ‘अल्फा’ नेत्याची कल्पना सगळ्या लांडग्यांना चिकटली. अमेरिकन लांडगा-संशोधक डेव्हिड मेक यांनी आधी ही कल्पना स्वतः स्वीकारली होती. पुढे १९८६ पासून कॅनडाच्या अतिउत्तरेकडील एल्समीर बेटावर अनेक उन्हाळे रानटी लांडग्यांच्या सान्निध्यात काढल्यावर त्यांनी १९९९ मध्ये ती स्पष्टपणे खोडून काढली. नर-मादी कळपाच्या अग्रभागी असतात ते आईबाप म्हणून, कोणाला हरवून नव्हे. हे ध्यानात घेतले, की लांडग्याच्या वागण्यातील पुष्कळ गोष्टींची संगती आपोआप लागते.

मादी वर्षातून एकदाच माजावर येते आणि सुमारे ६३ दिवसांनी बिळात किंवा कपारीत बहुधा चार ते सहा पिल्लांना जन्म देते. पिल्ले जन्मतः आंधळी व बहिरी असतात. डोळे दुसऱ्या आठवड्यात उघडतात आणि साधारण तीन आठवड्यांची झाली की ती बिळाच्या तोंडाशी येऊ लागतात. शिकारीहून परतलेल्या मोठ्या लांडग्याला पिल्ले घेरतात, शेपट्या हलवत त्याच्या जबड्याचे कोपरे चाटतात, नाकाने ढोसतात, आणि तो मान खाली घालून पोटातले मांस त्यांच्यापुढे ओकतो. गतवर्षीची भावंडेही हे काम करतात. मोठेपणी लांडगा दुसऱ्यापुढे नमताना जे तोंड चाटतो, त्याचे मूळ बालपणीच्या याच मागण्यात आहे.

शिकारीत लांडगा अजिंक्य असतो, हा समज निराधार आहे. अमेरिकेतील सुपीरिअर सरोवरातील आयल रॉयल बेटावर मेक यांनी विमानातून केलेल्या हिवाळी निरीक्षणांत लांडग्यांनी ७७ मूसांना (मूस हे एक प्रचंड आकाराचे हरीण) गाठून जोखले. त्यांपैकी मारले गेले फक्त ६. पाय रोवून समोर उभ्या राहिलेल्या मूसच्या एका लाथेने बरगड्या मोडू शकतात, म्हणून तो पळत नाही असे दिसले की कळप बरेचदा थोड्याच वेळात नाद सोडतो. हाती लागतात त्यांत कोवळी वासरे आणि सांधे झिजलेली म्हातारी जनावरे अधिक असतात. यश इतके विरळ असल्यामुळेच लांडगा एका बैठकीत ९ किग्रॅ.पर्यंत मांस खाऊ शकतो आणि त्यानंतर कित्येक दिवस उपाशी राहू शकतो.

कळपाचा प्रदेश भक्ष्याच्या मुबलकतेनुसार शंभर चौ. किमी.हून कमी किंवा हजारांहून अधिक असतो. त्याच्या सीमेवर मूत्राच्या खुणा दाट असतात, कारण शेजारच्या कळपाशी गाठ पडणे जिवावर बेतते. जिथे माणूस त्यांना मारत नाही, तिथे लांडग्याच्या मृत्यूचे एक प्रमुख कारण दुसरे लांडगेच असतात. त्यामुळे दोन्ही कळप सीमापट्ट्यात जपून वावरतात, आणि अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यात असे आढळले, की हरणे नेमकी त्याच पट्ट्यात अधिक टिकून राहतात. लांबवर ऐकू जाणारे हेल काढून ओरडणेही याच सावधपणाचा भाग आहे, शिवाय त्याने पांगलेले कुटुंब एकत्र येते. प्रत्येक जण वेगळी पट्टी धरत असल्यामुळे चार-पाच लांडगे कितीतरी जास्त भासतात.

एक ते तीन वर्षांच्या वयात बहुतेक तरुण लांडगे घर सोडतात, कारण जवळच्या नात्यात जोडी जमणे ते सहसा टाळतात. स्लोव्हेनियात २०११ मध्ये गळ्यात जीपीएस पट्टा बांधलेला ‘स्लावत्स’ नावाचा तरुण नर त्याच डिसेंबरात एकटाच निघाला, महामार्ग ओलांडत, द्रावा नदी पोहत ऑस्ट्रियातून गेला आणि हजार किमी.हून जास्त चालून मार्च २०१२ मध्ये इटलीतील व्हेरोनाच्या उत्तरेकडील लेसिनिया डोंगराळ भागात पोचला. तिथे त्याला अशीच एकटी फिरणारी मादी भेटली. २०१३ मध्ये त्यांना पिल्ले झाली.