काळी बुरशी, घरांतील (कोकण किनारपट्टी)

ओल धरलेल्या भिंती, छत, लाकूड, कागद, कापड व कातडे यांवर वाढणाऱ्या गडद रंगाच्या कवकांचे व्यवहारातील सरसकट नाव. नाव एक असले, तरी त्याखाली अनेक प्रजाती मोडतात. कोकणात भिंत ‘बुरसली’, चपलांना ‘बुरा आला’ असे म्हणतात.

याच नावाच्या दोन गोष्टी येथे अभिप्रेत नाहीत. २०२१ मध्ये कोविडच्या साथीत वृत्तपत्रांनी म्युकरमायकोसिस या रोगाला ‘काळी बुरशी’ म्हटले. तो रोग घडविणाऱ्या कवकांची वाढ पांढरट-करडी असते, काळे पडतात ते रोग्याचे मृत ऊतक. आंब्याच्या पानांवरचे काळे पूट तुडतुड्यांनी टाकलेल्या गोड चिकट स्रावावर वाढते. घराच्या भिंतीशी त्याचा संबंध नाही.

नाव व जाती : ‘विषारी काळी बुरशी’ म्हणून ज्या कवकाची धास्ती घेतली जाते, ते स्टॅकिबॉट्रिस चार्टारम होय. प्राग येथील एका घराच्या भिंतीवरील कागदावरून कवकशास्त्रज्ञ आउगुस्ट कोर्डा यांनी १८३७ मध्ये त्याचे स्टॅकिबॉट्रिस आट्रा या नावाने वर्णन केले. तथापि जर्मन निसर्गशास्त्रज्ञ एरेनबेर्ख यांनी १८१८ च्या सुमारास स्टिल्बोस्पोरा चार्टारम म्हणून नोंदविलेले कवक तेच असावे, असे कवकशास्त्रज्ञ ह्यूज यांनी १९५८ मध्ये मानले आणि जुन्या जातिनामाला अग्रक्रम देऊन आजचे नाव रूढ केले. आट्रा म्हणजे काळी, चार्टारम म्हणजे कागदांची. जुन्या ग्रंथांत पहिले नाव आढळते. येथे दुसरे स्वीकारले आहे. कारण केवळ अग्रक्रमाचे नाही, या कवकाची ओळख पटविताना रंगापेक्षा कागद अधिक उपयोगी पडतो. या जातीतही दोन रासायनिक गट आहेत : एक सॅट्राटॉक्सिने ही तीव्र विषे तयार करतो, दुसरा ॲट्रॅनोने ही वेगळी संयुगे. २००३ मध्ये त्यातून स्टॅकिबॉट्रिस क्लोरोहॅलोनाटा ही जाती वेगळी काढण्यात आली. हे भेद भिंतीकडे पाहून कळत नाहीत.

या कवकाला सेल्युलोज (लाकूड व कागद यांतील तंतूंचा मुख्य घटक) लागते आणि नुसती दमट हवा पुरत नाही. पदार्थ अक्षरशः भिजलेला राहावा लागतो. जांभ्याच्या चिऱ्यांचे, मातीच्या गिलाव्याचे जुने घर त्याला फारसे खाद्य देत नाही. नव्या सदनिकांतील जिप्सम बोर्डाचे छत मात्र दोन्ही बाजूंनी कागदाने मढविलेले असते. वरच्या मजल्याच्या न्हाणीघरातून पाणी झिरपत राहिले, की आतल्या बाजूस ही वाढ सुरू होऊ शकते. कोकणातील घरांत सहसा दिसणारे काळे ठिपके क्लॅडोस्पोरियम, ॲस्परजिलस नायजर, अल्टरनेरिया, कर्व्ह्युलेरिया यांसारख्या कवकांचे असण्याचा संभव अधिक.

ओळख : प्रथम बुरशी नसलेले काळे वगळावे. बाहेरच्या चिऱ्यांवरील काळा थर बहुधा शैवाल व नील-हरित जीवाणूंचा असतो. पावसात तो हिरवट, निसरडा होतो आणि उन्हाळ्यात वाळून काळा पडतो. चुलीवरची काजळी बोटाला तेलकट लागते, वरच्या भागात एकसारखी पसरते आणि पाऊस असो वा नसो, तशीच राहते. लोणा पांढरा, खरखरीत असतो व पाण्यात विरघळतो. बुरशी विरघळत नाही. डागावर पातळ केलेल्या ब्लीचचा थेंब टाकला असता काही मिनिटांत रंग उतरला, तर ती बुरशी समजावी. काजळी व माती तशीच राहतात. (ब्लीचमध्ये अमोनिया किंवा शौचालय धुण्याचे आम्ल कधीही मिसळू नये, विषारी वायू निघतो.)

बुरशीची सुरुवात टाचणीच्या डोक्याएवढ्या गोल ठिपक्यांनी होते. ठिपके मोठे होऊन एकमेकांत मिसळतात. भिंतीला चिकटून उभ्या असलेल्या लाकडी कपाटाची पाठ, देवघराच्या तसबिरींची मागची बाजू, एसीच्या झोताची जाळी, गादीचा जमिनीला टेकलेला भाग या तिच्या नेहमीच्या जागा. तसबीर उचलली, की भिंतीवर चौकटीच्या आकाराचा काळा चौकोन उमटलेला दिसतो. कित्येकदा डागाआधी वास येतो : बंद पेटीतल्या जुन्या कापडासारखा, कुबट.

क्लॅडोस्पोरियमची वाढ ऑलिव्ह-काळी, मखमली असते. चोळली असता भुकटी उडते. ओले स्टॅकिबॉट्रिस बुळबुळीत, काळपट-हिरवे असते. त्याचे बीजाणू चिकट पुंजक्यांत राहतात व वाळल्यावरच सहज उडतात. हा फरक सूचक आहे, निर्णायक नाही. पारदर्शक चिकटपट्टीवर नमुना उचलून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्याखेरीज जाती सांगू नये. प्रयोगशाळेत कवके वाढविण्याच्या नेहमीच्या माध्यमावर स्टॅकिबॉट्रिस मागे पडते व इतर कवके त्यावर मात करतात, त्यामुळे संवर्धनात ते न आढळणे हा त्याच्या अभावाचा पुरावा ठरत नाही.

डागाची जागा ओलीचे मूळ सांगते. जमिनीलगत आडवी रेघ : घराच्या पायातून चढलेली ओल, जांभा सच्छिद्र असल्याने. पश्चिम किंवा नैर्ऋत्य भिंतीवर, मोठ्या झडीनंतर वाढणारे पट्टे : बाहेरून शिरलेला पाऊस. तपकिरी कडेचे गोल : फुटके कौल. जुन्या घरांना झडीच्या बाजूस झावळ्यांची झापे बांधीत ती याचसाठी.

आरोग्य : १९३० च्या दशकात युक्रेनमध्ये स्टॅकिबॉट्रिसने बुरसलेल्या चाऱ्याने घोडे दगावल्याच्या नोंदी आहेत. क्लीव्हलँड येथे १९९३-९४ मध्ये अर्भकांच्या फुफ्फुसांतील रक्तस्रावाशी या कवकाचा संबंध जोडला गेला. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्रांनी २००० मध्ये केलेल्या फेरतपासणीत तो सिद्ध झाला नाही. खोकला, नाक चोंदणे व दम्याचा त्रास बळावणे यांचा ओलसर घरांशी असलेला संबंध अधिक भक्कम मानला जातो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००९ च्या मार्गदर्शक तत्त्वांतही बीजाणूंची सुरक्षित मर्यादा दिलेली नाही. भर ओल व बुरशी टाळण्यावर आहे. तेव्हा जातीचा शोध घेण्याआधी गळती शोधावी, हे मत येथे ग्राह्य धरले आहे.

उपाय : पदार्थ २४ ते ४८ तासांत वाळविल्यास वाढ सहसा धरत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये ते कठीण. गणपतीपूर्वी घर रंगविण्याची चाल असल्याने ओल्या भिंतीवरच डिस्टेंपर चढतो, आणि नवरात्राच्या आतबाहेर त्याच ठिकाणी पोपडे सुटून खालचे ठिपके पुन्हा वर येतात.